नोंदवहीत न बसलेले आभाळ

॥ श्री ॥

रामबाग, इंदूर
चैत्र शुद्ध अष्टमी

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला टॅब्लेट परवा सुखरूप पोहोचला. तुझ्या आईने खोक्याला हळदकुंकू वाहिल्याखेरीज ते मला उघडू दिले नाही, आणि आता ती रोज सकाळी त्यावर पंचांग पाहते. तेव्हा वस्तू वाया गेली असे मुळीच समजू नकोस. फोनवर तू मला दोन गोष्टी विचारल्या होत्यास. चाळीस अंशांच्या उन्हात, सहासष्टाव्या वर्षी, कागद आणि पाण्याचा डबा घेऊन वणवण करण्यापेक्षा जागेचे फोटो काढून आणावेत आणि घरी पंख्याखाली बसून चित्रे रंगवावीत, असे मी का करत नाही, ही पहिली. दुसरी तू जरा चाचरत विचारलीस: गुरुवारचे वाचन आणि संकष्टीचा उपास सुटल्याचे आईकडून कळले, तर बाबांचा देवावरचा विश्वास उडाला की काय? मला फोनवर नीट बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. शिवाय या दोन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या लेखी एकच आहे, आणि ते सांगण्यासाठी मला थोडे मागून यावे लागेल, म्हणून हे पत्र.

छत्तीस वर्षे मी बँकेत रोजकीर्द आणि खतावणी जुळवण्यात घालवली. संध्याकाळी चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नसे. माझी भक्तीही त्याच वळणाची होती, हे मात्र मला फार उशिरा उमगले. खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर लोक नवस बोलताना उलटे स्वस्तिक काढतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटे काढतात, ते तू लहानपणी पाहिले आहेस. मी तिथे तीनदा उलटे स्वस्तिक काढले. एक तुझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी, दुसरे तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी. ही दोन्ही मी आठवड्याच्या आत जाऊन सुलटी केली. तिसरे माझ्या बढतीसाठी होते. ती बढती माझ्याहून नऊ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या माणसाला मिळाली आणि ते स्वस्तिक तसेच राहिले. ती भिंत त्यानंतर कितीदा तरी पुसली गेली असेल, म्हणजे माझे ते स्वस्तिक आता तिथे असणे शक्यच नाही. पण माझ्या मनातल्या वहीत देवाच्या नावे ती बाकी पुढची कित्येक वर्षे दरवर्षी पुढे ओढली जात होती. उपास-पारायणे सगळी चालूच होती. हप्ते वेळेवर भरणाऱ्या खातेदाराला बँकेवर रागावण्याचा जसा हक्क वाटतो, तसा मला तो वाटत असे.

निवृत्तीनंतर चित्रकला सुरू केली तीही याच स्वभावाने. तुला आठवत असेल, पहिले मोठे चित्र राजवाड्याचे होते. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मी समोरच्या बागेच्या कठड्यावर बसून आधी सगळ्या खिडक्या मोजल्या, मग पट्टीने रेघा मारल्या आणि एकही खिडकी न गाळता चित्र पूर्ण केले. चित्रांसाठी मी एक नोंदवहीही घातली: अनुक्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कागद आणि शेरा असे सहा रकाने. शेऱ्यात ‘ठेवावे’, ‘बरे’ किंवा ‘रद्द’ यांपैकी एक शब्द लिहायचा. राजवाड्यापुढे मी ‘ठेवावे’ असे लिहिले. ज्या सरांकडे मी शिकायला जाऊ लागलो त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “खिडक्या सगळ्या भरल्या. ऊन कुठे आहे?”

सरांबद्दल थोडे सांगायला हवे. इंदुरात देवलालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली, आणि बेंद्रे, डी. जे. जोशी, चिंचाळकर गुरुजी, हुसेन ही सगळी मंडळी त्या मुशीतून निघाली. सरांना शिकवणारे त्यांच्या पुढच्या पिढीतले. त्या नावांपैकी एखादे तोंडात आले की सर चष्मा काढून पुसू लागतात. बोलणे कमी, आणि खोलीत बसून शिकवणे त्याहून कमी. त्यांनी मला पहिल्या महिन्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, नेले.

तिथे घडलेली गोष्ट मी तुला पूर्वी सांगितली नाही, कारण ती सांगताना फार क्षुल्लक वाटते. मी घरून फोटो पाहून एक चित्र काढून नेले होते, त्यात छत्रीच्या कमानीखालची सावली काळ्या रंगाने भरली होती. सर काही बोलले नाहीत. त्यांनी माझा कोरा कागद उन्हात ठेवला आणि त्यावर माझा हात आडवा धरायला लावला. “सावलीचा रंग सांगा.” मी म्हणालो, “काळपट.” “पुन्हा पाहा.” मी पाहत राहिलो. हात भरून आला, शेजारचा एक भेळवाला गाडी सोडून बघायला आला, आणि मग केव्हातरी मला दिसले की ती सावली काळी नव्हतीच. ती निळी होती, बोटांच्या टोकांकडे फिकट जांभळी, आणि मनगटाजवळ, जिथे माझ्या कातडीवरचे ऊन उलटून कागदावर पडत होते, तिथे किंचित तांबूस. सर म्हणाले, “सूर्य हाताने अडवता येतो. आभाळ अडत नाही.” इतकेच भौतिकशास्त्र. सूर्याचे थेट किरण अडले तरी उघड्या निळ्या आकाशाचा उजेड सावलीत पडतच असतो, म्हणून ती निळसर दिसते. साठ वर्षे मी सावलीतून चाललो, सावलीत गाडी लावली, आणि तिचा रंग मला माहीत नव्हता.

आता तुझ्या फोटोच्या प्रश्नाकडे येतो. कॅमेरा बहुधा एका वेळी एकाच उजेडाला धरून चालतो; उन्हातला घुमट नीट आला तर कमानीखाली काळोख होतो, कमानीतले उघडून घेतले तर आभाळ पांढरे पडते. डोळा तसा नाही. तो उन्हातून सावलीत गेला की स्वतःला बदलून घेतो आणि दोन्हीकडचे थोडे थोडे आणून देतो. शिवाय फोटो एका क्षणाचा असतो, आणि माझे चित्र दोन तासांचे. दोन तासांत सूर्य तीस अंश सरकतो. नऊ वाजता खांबाच्या डावीकडे असलेली सावली अकराला पायाशी गोळा होते. म्हणून पोहोचताच पेन्सिलीने सावल्यांच्या कडा आखून टाकायच्या, आणि पुढे त्या कितीही हलल्या तरी आपण आखलेल्या वेळेशी इमान राखायचे, हा नियम. घरी फोटोवरून काढताना काहीच हलत नाही, त्यामुळे कशाशी इमान राखावे लागत नाही, आणि मी पुन्हा खिडक्या मोजू लागतो. हे मी करून पाहिले आहे.

उन्हाचे म्हणशील तर या दिवसांत मी सकाळी साडेसहाला निघतो आणि साडेनऊला घरी असतो. चैत्र-वैशाखात माळव्याची हवा इतकी कोरडी असते की कागदाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा थर, ओढेपर्यंत वरची कड वाळून रेघ उमटते. त्यावर तोड म्हणजे ३०० जीएसएमचा जाड सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पाटीवर चिकटवायचा. टोपी घालतो, ताक नेतो. आईला उगीच घाबरवू नकोस.

पावसाळ्यात याच्या अगदी उलट. चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी पिपल्यापाल्याच्या तलावावर एकटाच गेलो होतो. पलीकडच्या काठावरची झाडे आणि त्यांवर चढत आलेले ढग, एवढाच विषय. हवेत इतका ओलावा होता की वॉश वाळेचना. मी निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना एकत्र करून ढगांचा करडा रंग ओल्या कागदावर सोडला, तर तो भलतीकडेच पसरू लागला, आणि डाव्या कोपऱ्यात पाण्याचा एक ओघळ झाडांच्या रेषेपर्यंत उतरला. मी घाईने कापूस काढला, कुंचला पिळला आणि ते सगळे आवरायला हात पुढे केला, तोच तुझ्या आईचा फोन आला. येताना कोथिंबीर आणि दही आणायचे होते. कोथिंबिरीवरून नळाच्या पाण्यावर, आणि नळावरून शेजारच्यांच्या मांजरावर विषय गेला. दहा मिनिटांनी मी कागदाकडे वळलो तेव्हा निळ्याचे कण कागदाच्या खाचांत जाऊन बसले होते, तपकिरी रंग त्यांच्यापासून सुटून कडेला सरकला होता, आणि त्या ओघळाच्या जागी दूरवर पडणारा पाऊस तयार झाला होता. समोर, तलावापलीकडे, तसाच पाऊस त्याच बाजूला पडत होता. मी कुंचला खाली ठेवला. झाडांना हात लावण्याचेही धैर्य झाले नाही. ती नंतर चार फटक्यांत उरकली.

घरी येऊन नोंदवही उघडली. अनुक्रमांक १४८. तारीख, वेळ, ठिकाण, कागद, सारे लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लेखणी अडली. ‘ठेवावे’ लिहायचे तर ते केले कोणी? पाणी ओतले मी, रंग घोटला मी, कागद निवडला मी. पण आभाळ माझ्या हातून झाले नव्हते, आणि मी मध्ये हात घातला असता तर ते झालेही नसते. तो रकाना अजून रिकामा आहे. बँकेत असतो तर अशी नोंद मी एक दिवस उघडी राहू दिली नसती. रंगांचे कण कसे बसतात हे सरांनी नंतर मला समजावून सांगितले, आणि तू शास्त्र शिकलेली आहेस, तेव्हा तुलाही ते पटेल. मलाही पटते. तरीही त्या सकाळी मी तलावाच्या काठावर हात जोडले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जोडताना मनात काही मागणे नव्हते. हे मी आईलाही सांगितलेले नाही.

त्याच वर्षी कार्तिकात आम्ही महेश्वरला गेलो, ते तुला माहीत आहे. अहिल्याबाईंच्या वाड्यात आजही रोज सकाळी लिंगार्चन चालते. ब्राह्मण मातीची इवलीशी शिवलिंगे बोटांनी करतात, लाकडी पाटांवर ओळीने मांडतात, त्यांची पूजा होते, आणि मग ती सगळी नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. सवयीने मी एका पाटावरची लिंगे मोजायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत सोडून दिले. शिल्लक काहीच न ठेवणारी ती पद्धत पाहून माझ्यातला हिशेबनीस अस्वस्थ झाला, हे कबूल करतो. पण त्या दिवशी घाटावर काढलेली तीन चित्रे मी वहीत लिहिली नाहीत, त्यांपैकी दोन नावाड्याच्या मुलांना दिली, आणि रात्री शांत झोप लागली.

तर विश्वासाचे हे असे आहे. सकाळचा दिवा मीच लावतो, तो सोडलेला नाही. उपास आणि पारायण सुटले, कारण ती मी हप्ता म्हणून भरत होतो आणि आता कोणते कर्ज फेडतो आहे ते मला सांगता येईना. पुढे कधी निराळ्या मनाने पुन्हा धरीनही. मला साक्षात्कार वगैरे झालेला नाही, हेही स्पष्ट लिहितो. बहुतेक सकाळी देव भेटत नाही, डास भेटतात, मागे उभे राहून “काका, हे काय भावाने देणार?” असे विचारणारे भेटतात, आणि वहीत आज ४१२ नोंदी आहेत, त्यांत ‘ठेवावे’ अवघ्या एकतीस. राजवाड्याचा शेरा मी मागच्या वर्षी लाल शाईने खोडून ‘रद्द’ केला. परंतु ओल्या कागदावर रंग सोडला की पुढच्या दोन मिनिटांत काय होईल ते आपल्या हाती नसते, आणि तरी कुंचला स्वच्छ, पाणी ताजे आणि कागद नीट ताणलेला असावा लागतो. या दोन मिनिटांसाठी मी जातो. तुझ्या टॅब्लेटवर एक बटण दाबले की मागचे पुसले जाते, आणि रंग ओला नसतो.

मागच्या बुधवारी खजराण्याला गेलो होतो. मागच्या भिंतीकडे वळलो, तिथे एक मुलगी, परीक्षेचीच असावी, बोटाने उलटे स्वस्तिक काढत होती आणि तिची आई घाई करत होती. माझे तिसरे स्वस्तिक सुलटे करण्यासारखे काही घडलेले नाही, आणि आता घडायचेही नाही. मी बाहेर येऊन फुलवाल्यांच्या ओळीसमोर स्टूल मांडले. ताडपत्रीतून गाळून येणारे निळे ऊन झेंडूच्या ढिगावर पडले की झेंडू हिरवट दिसतो, हे मला आजवर माहीत नव्हते. चित्र बिघडले. उद्याची रामनवमी झाली की परवा पुन्हा जाईन.

तू मे महिन्यात येशील तेव्हा अल्ट्रामरीनच्या दोन ट्यूब आण. इथे मिळतात, पण पुण्यात निवड अधिक आहे. जावईबापूंना आशीर्वाद. कळावे.

तुझा,
बाबा

ता. क. टॅब्लेटचा एक उपयोग मात्र सापडला. चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल केला की गडद-फिकटाची चूक लगेच कळते. काल १४८चा काढून पाहिला. आभाळ बरोबर आहे. झाडे फार काळी झाली आहेत.