अण्णाचा पास

दापोली, 27 जुलै 2025

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारी रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर तीन वेळा मी पत्र लिहावयास बसलो आणि तिन्ही वेळा कागद बाजूला सारला. उच्च न्यायालयाने 2006 सालच्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यातील बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि बातमीच्या मथळ्यात आलेला ‘दहशतवादी’ हा शब्द तू काढून टाकलास, असे तू सांगितलेस. त्यावर, त्या स्फोटांत गेलेल्या अण्णाचे रक्त तुला स्वस्त झाले, असे मी बोलून गेलो. बापाने लेकीला असे बोलावयाचे नसते. तो गेला तेव्हा तू सात वर्षांची होतीस, आणि शाळेतून आल्यावर त्याच्याखेरीज कुणाच्या हातचा वरणभात तुला चालत नसे.

रात्रपाळी संपवून गाडीत बसलीस की फोन करीत जा. सोमवारपासून तो आलेला नाही.

तू म्हणालीस, हा शब्द कृत्याला खुशाल लावावा, पण माणसाला लावायचा तर आधी न्यायालयात सिद्ध व्हावे. त्या रात्री मला ते पुस्तकी वाटले. खरे तर तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला ते वाटायला नको होते. ‘टेररिझम’ हा शब्द 1793-94 सालच्या फ्रान्समधील राजवटीवरून, म्हणजे खुद्द सरकारनेच गिलोटिनच्या धाकावर चालवलेल्या कारभारावरून रूढ झाला, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. पुढे सरकारांनी तोच शब्द विरोधकांवर उलटवला. 1932 साली बंगालमध्ये इंग्रजांनी क्रांतिकारकांविरुद्ध केलेल्या कायद्याच्या नावातच ‘टेररिस्ट’ होते, आणि 8 एप्रिल 1929 रोजी कुणी मरू नये अशा बेताने मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकणारे भगतसिंगही त्यांच्या लेखी त्याच सदरातले. भारताने 1996 साली संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला. मुक्तिलढा लढणारे आणि देशोदेशींची सैन्ये त्यात धरावीत की नाहीत, या वादात तो आजही अडला आहे. आपल्याकडे तर 2019 च्या दुरुस्तीनंतर यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली सरकार एखाद्या व्यक्तीला खटल्याआधीच दहशतवादी घोषित करू शकते. पाहा, मी पुन्हा वर्ग घेऊ लागलो. क्षमा कर.

मात्र एका गोष्टीवर मी हटणार नाही. 11 जुलै 2006 रोजी जे घडले तो दहशतवादच होता. अकरा मिनिटांत सात गाड्यांत स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे गेली. ज्यांच्याशी कसलेही भांडण नाही अशा दमलेल्या माणसांच्या डब्यात बॉम्ब ठेवायचा, तो मरणाऱ्यांपेक्षा मागे उरणाऱ्यांसाठी असतो; दुसऱ्या दिवशी गाडीत शिरणाऱ्या प्रत्येकाने वरच्या फळीवरील बॅगेकडे पाहावे, यासाठी असतो. मी आजही पाहतो. त्या कृत्याचे नाव गुळमुळीत करू नकोस, एवढेच मागतो.

आणि आता जे तुला कधी सांगितले नाही ते सांगतो. अण्णाची कंबर धरू लागली होती, म्हणून त्या जूनमध्ये मीच त्याला फर्स्ट क्लासचा पास काढावयास लावला. पैशांसाठी तो कुरकुरत होता, तेव्हा निम्मे पैसे मी दिले. बॉम्ब फर्स्ट क्लासच्या डब्यांत होते. चर्चगेट ते मीरा रोड असा तो पास पोलिसांनी आम्हांला दिला तेव्हा प्लास्टिकचे पाकीट एका कोपऱ्याला वितळून पासाला चिकटले होते. मुदत सप्टेंबरपर्यंतची होती. त्या संध्याकाळी फोन लागत नव्हते. मी रात्री दोनपर्यंत त्याचा नंबर फिरवीत होतो. म्हणून म्हणतो, गाडीत बसलीस की एक फोन कर, बोलायचे नसेल तर नुसती रिंग दे.

2015 साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली, त्या दिवशी ती बारा नावे मी वहीत उतरवली आणि वर लाल शाईने तो एकच शब्द लिहिला. आता उच्च न्यायालय म्हणते, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही. त्यांतील एक जण तर हा निकाल ऐकण्याआधी, 2021 सालीच कैदेत मरण पावला. गुरुवारी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. काल वही काढली. तो शब्द खोडावयास हात धजत नाही, आणि ठेवावा तर तुझे बोलणे आठवते. हे नव्हेत, तर कोण? माझा सगळा राग एकोणीस वर्षे या बारा नावांवर खर्च झाला आणि ज्याने बॅग ठेवली तो कुठेतरी नातवंडे खेळवीत असेल, या विचाराने झोप येत नाही.

मथळ्यातला तो शब्द काढताना तुझ्या डोळ्यांपुढे अण्णा होता, हे मला कळते. तसे करावयास जे बळ लागते ते माझ्यात नव्हते. तुझ्या आईला मी हे बोलून दाखवले, तुला मात्र पत्रातच सांगू शकतो.

गणपतीला ये. काकू रोज विचारते, मग आमच्या माणसाला मारले कुणी, आणि मी पेपर उघडून बसतो. तू आलीस की तिच्याजवळ बस. निघताना फोन कर, आणि खेडला उतरलीस की पुन्हा कर.

तुझा,
बाबा