पाच चुका आणि माझी वही

प्रिय मित्रा,

आठ महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी दोन्ही पत्रं समोर टेबलावर आहेत, त्यामुळे पोचली नाहीत असं म्हणायचीही सोय नाही. मी बरा आहे. मधे दहा दिवस खोकला होता, गेला. आता मुद्द्यावर येतो, कारण रात्रीचा दीड वाजलाय आणि हे आज लिहिलं नाही तर पुन्हा आठ महिने जातील.

या सत्रात आम्हाला संख्याशास्त्र आहे. सुरुवातीचे आठवडे मजेत गेले. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, सगळं ओळखीचं वाटत होतं. मग प्रॉबॅबिलिटी, म्हणजे संभाव्यता, सुरू झाली आणि पहिल्याच तासाला तुझी आठवण आली. सलग चार वेळा छापा पडला की पाचव्यांदा काटा ‘येणारच’, यावरून तू माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतास, आठवतं? मॅडमनी सांगितलं की १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या लाल-काळ्या चक्रावर सलग २६ वेळा काळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक पैसे लावत गेले, बुडत गेले. चक्राला आधीचं काही आठवत नसतं. तेव्हा तो वाद मी जिंकलो, नोंद करून ठेव. तू त्या रात्री तिथे असतास तर लालवर घड्याळसुद्धा लावलं असतंस.

पण दुसरा एक वाद मी हरलोय. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या आठवड्यात सशर्त संभाव्यता आली. दोन अक्षरं, मधे एक उभी रेघ. मॅडम त्या रेघेला ‘असताना’ म्हणतात. ‘ढग असताना पाऊस’ आणि ‘पाऊस असताना ढग’, ही दोन वाक्यं एक नव्हेत. पाऊस असला की ढग असतातच, ढग असले म्हणून पाऊस पडतोच असं नाही. मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं. आज कळलं की मोठमोठ्यांना कळत नाही, आणि मला तर चार वर्षं कळलं नव्हतं.

आज मॅडमनी इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील बाईंची हकिकत सांगितली. त्यांची दोन तान्ही बाळं अचानक गेली, एक १९९६ मध्ये, दुसरं १९९८ मध्ये. खुनाचा खटला उभा राहिला. साक्षीला आलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, अशा घरात एक बाळ कारण न कळता दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक. मग त्यांनी त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणलं आणि दोन्ही बाळं तशी जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक झाली. १९९९ मध्ये जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं, म्हणजे तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेनं, जाहीरपणे सांगितलं की हा गुणाकारच गैर आहे. दोन घटना स्वतंत्र असतील तरच असं गुणता येतं, आणि एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन भावंडं स्वतंत्र कशी? एक बाळ ज्या कारणानं गेलं ते कारण दुसऱ्यातही असू शकतं. आणि आकडा खरा धरला, तरी ‘आई निर्दोष असताना असं घडण्याची शक्यता’ म्हणजे ‘असं घडलेलं असताना आई निर्दोष असण्याची शक्यता’ नव्हे. तीच उभी रेघ, उलट्या बाजूनं वाचलेली. दडून राहिलेले वैद्यकीय अहवाल पुढे आले तेव्हा कुठे २००३ मध्ये त्या सुटल्या. २००७ मध्ये गेल्या.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘गुणण्याआधी विचारा : यांचा एकमेकांशी संबंध काय?’ आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. कारण असाच एक गुणाकार मी आधी पाहिला होता. तुझ्याविरुद्ध केलेला.

चार वर्षांपूर्वीची ती चाचणी. चार पर्याय, पाच प्रश्न. चाराचा पाचवा घात, १,०२४. ‘दोघांची पाचही उत्तरं योगायोगानं सारखीच चुकण्याची शक्यता हजारात एक, म्हणजे कॉपी केली नसण्याची शक्यता हजारात एक.’ सरांचं ते वाक्य तू मला सायकल स्टँडपाशी जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतंस. तू रडत नव्हतास, पण तुझा आवाज तुझा राहिला नव्हता. आणि मी काय विचारलं? ‘खरं सांग, केलीस का?’

त्या प्रश्नाबद्दल मी तुझी कधीच माफी मागितली नाही. आपण पुन्हा बोलायला लागलो, हसायला लागलो, आणि मी समजलो की मिटलं.

आता नीट वाच. ती पाचही उत्तरं विजेच्या रोधांच्या (रेझिस्टरच्या) जोडणीवरची होती. एकसर आणि समांतर. त्या चाचणीच्या आधी चार दिवस माझी वही तुझ्याकडे होती आणि तुझ्यानंतर, चाचणीआधीच, ती त्या मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्याकडे गेली. मी तापानं घरी पडलो होतो, मी पेपर दिलाच नाही. पुढे वार्षिक परीक्षेचा अभ्यास करताना मला दिसलं की माझ्या वहीत दोन्ही सूत्रं उलटसुलट लिहिली आहेत. एकसरच्या खाली समांतरचं, समांतरच्या खाली एकसरचं. मी पेन्सिलीनं बाण काढून दुरुस्त केलं आणि पान उलटलं. तुझ्या प्रकरणाशी ते जोडलं नाही. सुचलं नाही, की सुचू दिलं नाही? हा प्रश्न संध्याकाळपासून मी स्वतःला विचारतोय, आणि मला खरंच उत्तर सांगता येत नाही.

तुम्ही एकमेकांचं पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघांनी माझं पाहिलं होतं.

जेवणं झाल्यावर बसून मी सगळं पुन्हा मांडलं. दोघांचंही उत्तर चुकलंय हे माहीत असताना चुकीचे पर्याय उरतात तीन, म्हणजे आकडा १,०२४ नाही, २४३ त एक. सरांचाच आकडा धरला तरी त्यांनी वर्गातले चाळीसही पेपर एकमेकांशी ताडून पाहिले होते. चाळीस जणांच्या जोड्या होतात ७८०. हजारात एक घडणारी गोष्ट ७८० जोड्यांत कुठेतरी दिसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त येते, साधारण ५३ टक्के. (इथे मीही जोड्या स्वतंत्र धरल्यात, तेव्हा हा आकडा ढोबळच समज.) तेवीस माणसं जमली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्यावर जाते ना, तेच हे. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. कॉपी केली असती तर उत्तरं सारखी आली असतीच. एकाच चुकीच्या वहीतून अभ्यास केला असता, तरी आली असतीच. मग त्या पाच उत्तरांवरून या दोहोंतलं कुठलं खरं, हे ठरवायला काहीच मिळत नाही. काहीच नाही रे. तेवढ्यावर तुला शून्य दिलं, घरी बोलावणं धाडलं, आणि काका महिनाभर तुझ्याशी तुटक बोलले.

मला सरांना लिहायचंय. ते निवृत्त झालेत, पण पत्ता मिळेल. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वहीचं माहीतच नव्हतं. माहीत असणारा एकटा मी होतो. पण तुला हे पुन्हा उकरायला नको असेल, तर मी लिहिणार नाही. तू सांगशील तसं. मला त्या चष्मेवाल्यालाही सांगायचंय. त्याच्याशी तर त्यानंतर कुणीच धड बोललं नाही, तूही नाहीस. त्यानं तुझं पाहून लिहिलं असं तुला वाटायचं आणि तुझ्यावरचा माझा संशय तू त्याच्यावर ढकललास, हेही आज दिसलं. पण ते माझ्यानंतरचं. पहिली चूक माझी.

तुझ्या बदलीचं वाचलं, आनंद झाला. काकूंचा गुडघा कसा आहे? ताईला सांग, तिचं पुस्तक माझ्याकडे आहे, हरवलेलं नाही. सोमवारी आमची याच विषयाची परीक्षा आहे आणि यातला एक शब्दही त्या पेपरात येणार नाही.

उत्तर लिही. रागाचं असलं तरी लिही.

तुझाच

ता. क. – धाकटीला फोन करून वही शोधायला लावली. माळ्यावर सापडली. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. वर उजव्या कोपऱ्यात तारीख आहे, चाचणीच्या नऊ दिवस आधीची. बाण फिकट झालाय, पण दिसतो.