कासवांच्या गावाहून दादाला पत्र

डोव्हर, न्यू हॅम्पशायर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

चिऊच्या चित्रकथेविषयी तू फोनवर जे विचारलेस, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तिने उभी केलेली नायिका एका प्रकाशकाला आवडली आहे, तो एकरकमी पैसे देऊन पात्र, कथा आणि चित्रे कायमची विकत घ्यायला तयार आहे आणि चिऊ मात्र पहिला अंक स्वतःच छापायचा म्हणून अडून बसली आहे. बाप म्हणून तुला हातात येणारे पैसे दिसतात, यात गैर काही नाही. परंतु मी ज्या गावात राहते त्याच गावात चाळीस वर्षांपूर्वी दोन जणांनी नेमका हाच प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. त्यांची हकिकत तुम्ही दोघांनी नीट वाचावी आणि मगच प्रकाशकाला उत्तर द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स ही चार कासवे चिऊने लहानपणी टीव्हीवर पाहिलेली आहेत. तुला ती खेळण्यांच्या दुकानातली हिरवी बाहुली म्हणून आठवत असतील. त्यांचा जन्म येथे डोव्हरमध्ये, युनियन स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या घरात, नोव्हेंबर १९८३ मध्ये झाला. पीटर लेअर्ड हा वर्तमानपत्रांसाठी किरकोळ चित्रे काढून पोट भरणारा चित्रकार होता, तर त्याच्याहून बराच लहान असलेला केव्हिन ईस्टमन उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करून उरलेल्या वेळात चित्रकथा काढत असे. एका रात्री लेअर्डला हसवण्यासाठी ईस्टमनने दोन पायांवर उभे असलेले, तोंडावर पट्टी बांधलेले आणि हातांना ननचाकू, म्हणजे साखळीने जोडलेले दोन दांडके, बांधलेले कासव काढले. लेअर्डने तेच जास्त सफाईने काढून दाखवले, तेव्हा ईस्टमनने वेगवेगळी शस्त्रे घेतलेली चार कासवे एकत्र काढली आणि त्यांवर शाई फिरवताना लेअर्डने ‘निंजा टर्टल्स’ या शीर्षकाआधी ‘टीनएज म्यूटंट’ हे दोन शब्द जोडले. नावे त्यांनी युरोपीय प्रबोधनकाळातील कलावंतांची घेतली: लिओनार्दो, राफाएल, दोनातेल्लो आणि मायकेलअँजेलो.

येथवर ही गंमत होती. तिची चित्रकथा झाली ती पुढच्या काही महिन्यांत, आणि चिऊने बारकाईने पाहावे असे जे आहे ते याच टप्प्यात आहे. फ्रँक मिलर त्या काळी ‘डेअरडेव्हिल’ नावाच्या महानायकाच्या कथा नव्या ढंगाने लिहीत आणि काढत होता आणि हे दोघे त्याचे निस्सीम चाहते होते. डेअरडेव्हिलला ज्या अपघातात अंधत्व आणि शक्ती मिळाली, त्याच प्रकारच्या अपघातातून निसटलेला किरणोत्सारी डबा गटारात घरंगळतो आणि कासवांना मनुष्यत्व देतो, अशी त्यांनी कथेची जुळणी केली. त्याच्या गुरूचे नाव स्टिक, म्हणजे काठी, म्हणून यांचा उंदीरगुरू स्प्लिंटर, म्हणजे ढलपी. त्याच्या शत्रूंची टोळी ‘हँड’, म्हणून यांची ‘फूट’. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची उघड थट्टा करत करत स्वतःचे काहीतरी घडत जाते, आणि पहिल्या अंकात ते पानोपानी घडताना दिसते. थट्टेच्या आवरणाखाली कथा मात्र गंभीर आहे. वृद्ध गुरू चार शिष्यांना आपल्या धन्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठी वाढवतो आणि अंकाच्या शेवटी खलनायक श्रेडर मरतो. दुसऱ्या अंकाची कल्पनाच नसल्यामुळे त्यांनी काहीही राखून ठेवले नाही. चिऊने बारा अंकांचा आराखडा आखून ठेवल्याचे तू सांगितलेस. तिने तो जपून ठेवावा, पण पहिल्या अंकात हात आखडता घेऊ नये.

पैशांचे गणित तुला हवे असेल. करपरताव्याची थोडी रक्कम आणि ईस्टमनच्या काकांनी उसने दिलेले सुमारे १००० डॉलर एवढे त्यांचे भांडवल होते. त्यात रंगीत छपाई बसणे शक्यच नव्हते. म्हणून मासिकाच्या आकाराचा, आतून काळापांढरा अंक त्यांनी स्वस्त वर्तमानपत्री कागदावर काढला आणि साधारण ३००० प्रती छापल्या. करड्या छटांसाठी त्यांनी ड्युओशेड नावाचा पुठ्ठा वापरला. त्यावर न दिसणाऱ्या रेघा छापलेल्या असतात आणि कुंचल्याने रसायन फिरवले की हव्या त्या जागी त्या उमटतात. त्या अंकातले पावसाळी, काजळलेले न्यू यॉर्क या साध्या युक्तीतून आले आहे. पुढे चौघांच्या पट्ट्यांना निळा, लाल, जांभळा, नारिंगी असे रंग मिळाले ते दूरदर्शन मालिका आणि खेळण्यांमुळे. मूळ चित्रकथेत चौघांच्याही पट्ट्या लाल होत्या, म्हणजे आतल्या काळ्यापांढऱ्या पानांवर कोण कोणता हे शस्त्रावरून आणि वागण्यावरूनच ओळखावे लागे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. रंग हाताशी नसल्यामुळे त्यांना स्वभाव लिहावे लागले.

स्टुडिओ म्हणावी अशी जागा नव्हतीच, म्हणून त्यांनी आपल्या संस्थेला मृगजळ या अर्थाचे ‘मिराज’ हे नाव दिले. मे १९८४ मध्ये जवळच्या पोर्ट्समथ येथील चित्रकथांच्या छोट्या मेळाव्यात दीड डॉलर किमतीचा हा अंक पहिल्यांदा विकायला ठेवला गेला. उरलेल्या पैशांतून त्यांनी व्यवसायातल्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली होती. तिच्यामुळे वितरकांची विचारणा सुरू झाली, पहिली आवृत्ती काही आठवड्यांत संपली आणि पुनर्मुद्रण करावे लागले. १९८५ च्या आरंभी आलेल्या दुसऱ्या अंकाला सुमारे १५,००० प्रतींची मागणी होती. घरभाडे आणि जेवण निघेल एवढी मिळकत दिसल्यावर दोघे पूर्णवेळ या कामाला लागले.

हे शक्य झाले त्यामागे त्यांच्या गुणांइतकीच तेथील विक्रीची एक पद्धत होती. आपल्याकडे वृत्तपत्रविक्रेत्याकडे ठेवलेले आणि न खपलेले अंक प्रकाशकाच्या गळ्यात परत येतात, आणि अमेरिकेतही पूर्वी तसेच होते. परंतु १९७० च्या दशकात केवळ चित्रकथा विकणाऱ्या दुकानांसाठी निराळी व्यवस्था उभी राहिली होती. दुकानदार आगाऊ मागणी नोंदवी, त्याला सवलत अधिक मिळे, पण न विकलेला माल परत करता येत नसे. त्यामुळे किती प्रती छापायच्या हे लहान प्रकाशकाला छापण्याआधीच कळे. चिऊनेही आधी नोंदणी घ्यावी आणि नोंदणीपेक्षा थोड्याच जास्त प्रती छापाव्यात, म्हणजे तुझ्या घराच्या माळ्यावर गठ्ठे पडून राहणार नाहीत. याच व्यवस्थेने पुढे एक अनर्थही घडवला. कासवांच्या पहिल्या अंकाचे भाव चढलेले पाहून शेकडो नकली काळेपांढरे अंक बाजारात आले, दुकानदारांनी ते गुंतवणूक म्हणून भरून ठेवले आणि १९८७ च्या सुमारास ती बाजारपेठ कोसळून अनेक छोटे प्रकाशक बुडाले. कासवे मात्र टिकली, कारण त्यांना खरे वाचक होते.

आता विस्ताराविषयी, कारण तुझा मूळ प्रश्न तेथेच आहे. १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले. त्या पात्रावर इतरांनी अमाप पैसा मिळवला आणि या दोघांना १९७५ मध्ये, उतारवयात, जाहीर आवाज उठवावा लागला, तेव्हा कोठे वार्षिक २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून श्रेय पदरात पडले. तू लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये ज्या वेताळाची वाट पाहत असायचास, त्याचे हक्कही निर्माता ली फॉक याच्याकडे नसून किंग फीचर्स या संस्थेकडे होते. ईस्टमन आणि लेअर्ड यांनी पहिल्या पानापासून मालकी स्वतःकडे ठेवली होती. म्हणून मार्क फ्रीडमन हा परवान्यांचे व्यवहार जमवणारा मध्यस्थ त्यांच्याकडे आला, तेव्हा विकायला नव्हे तर भाड्याने द्यायला त्यांच्याकडे काहीतरी होते. प्लेमेट्स या खेळण्यांच्या कंपनीला आधी दूरदर्शन मालिका हवी होती. डिसेंबर १९८७ मध्ये पाच भागांची मालिका आली, १९८८ मध्ये खेळणी आली आणि १९९० च्या चित्रपटाने जगभरात २० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

या वैभवाची किंमतही मी लपवणार नाही. सूड घेणारी कासवे मुलांसाठी सौम्य, पिझ्झाखाऊ आणि विनोदी झाली. मूळ कथेत शास्त्रज्ञाची मदतनीस असलेली एप्रिल दूरदर्शनची वार्ताहर झाली. त्याहून मला जास्त चटका लावून जाते ते हे की, प्रत्येक खेळण्याची, प्रत्येक डब्याची संमती देण्यात दोघांचे दिवस जाऊ लागले आणि स्वतःची चित्रकथा काढायला वेळच उरला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तर मिराजच्या मूळ मालिकेचे बरेचसे अंक पाहुण्या कलावंतांनी काढले. १९९२ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ कथानकासाठी निर्माते पुन्हा कथेकडे परतले आणि १९९३ मध्ये ६२ व्या अंकावर ती मालिका थांबली.

तरीही पैशाचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे जमलेल्या कलावंतांनी निर्मात्यांच्या हक्कांचा बारा कलमी जाहीरनामा तयार केला. त्याचा मसुदा चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउडचा होता आणि त्या मेळाव्यात या दोघांचा पुढाकार होता. आपण पूर्णपणे निर्माण केलेल्या गोष्टीवर पूर्ण मालकी, मूळ चित्रे परत मिळणे, कोणत्याही व्यवहारात वकील नेमणे, असे साधे हक्क त्यात आहेत. लेअर्डने १९९२ मध्ये झेरिक फाउंडेशन स्थापून स्वतःचे अंक स्वतः छापणाऱ्या अनोळखी कलावंतांना अनुदाने दिली. ईस्टमनने टंड्रा नावाची प्रकाशनसंस्था काढून कलावंतांना मोकळीक आणि चांगला मोबदला दिला, पण ती काही वर्षांतच बंद पडली. पुढे ईस्टमनने आपला वाटा लेअर्डला विकला आणि २००९ मध्ये लेअर्डने सुमारे ६ कोटी डॉलरना कासवे व्हायाकॉम या माध्यमकंपनीला दिली, तीही वर्षाला काही काळेपांढरे अंक स्वतः काढण्याचा हक्क राखून. २०११ पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने नवी मालिका चालवली, तिच्यात ईस्टमन पुन्हा सामील झाला, आणि दोघांनी १९८७ मध्ये लिहून ठेवलेल्या एका आराखड्यावरून २०२० मध्ये एकट्या उरलेल्या शेवटच्या कासवाची कथा सुरू झाली. त्यांनी शेवटी विकले खरे, पण पंचवीस वर्षांनी, स्वतः ठरवलेल्या वेळी आणि आपल्या अटींवर.

चिऊच्या बाबतीत कायदा तिच्या बाजूचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत असताना केलेले काम वगळता, कृतीचा पहिला मालक तिचा निर्माताच असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते आणि कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते हे त्यात नमूद असावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा मानतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच प्रकाशकाच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द आहेत का, ते आधी पाहा. तसे असतील तर ते काढायला सांगा. मराठी छापील आवृत्ती ठरावीक वर्षांसाठी त्याला देता येईल. अनुवाद, चित्रपट, खेळणी आणि मुख्य म्हणजे ती नायिका चिऊकडेच राहिली पाहिजे. तो या अटींना तयार नसेल, तर पहिल्या अंकाच्या कागदाचा आणि छपाईचा खर्च मी देते. तो चिऊने उसना म्हणूनच घ्यावा, आणि त्याबदल्यात मला मालकीतला कसलाही वाटा नको, हे या पत्रात लिहूनच देत आहे.

करारावर सही करण्यापूर्वी साताऱ्यातल्या एखाद्या वकिलाला तो दाखवा आणि त्याची एक प्रत मलाही पाठवा. अंकाची पहिली आठ पाने तयार असतील तर तीही सोबत यावीत. त्यातली नायिका कशी बोलते ते मला वाचायचे आहे. वहिनींना नमस्कार, चिऊला अनेक आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण