यूटाच्या पहिल्या हंगामाचे श्रेय ॲरिझोनालाही द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर यूटाच्या आइस हॉकी संघाच्या पहिल्या हंगामाची दखल घेतली गेली, याचा सॉल्ट लेक खोऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी वाचकाला मनापासून आनंद झाला. बर्फावरच्या या खेळाला मराठी दैनिकात चार ओळी मिळणेही विरळाच. मात्र त्या मजकुरात या संघाला ‘अगदी नवा संघ’ म्हटले आहे आणि २०२४-२५ च्या हंगामात त्याने मिळवलेले ८९ गुण ही नवख्यांची किमया ठरवली आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. हा संघ ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स परिसरातून खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापनासह अख्खाच्या अख्खा इकडे आला. त्याच्या पहिल्या हंगामाचा हिशेब मांडताना ॲरिझोनाच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी जे सोसले ते वगळणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हे पत्र.

१९९६ मध्ये कॅनडातील विनिपेगहून हलवलेला हा संघ ‘कायोटीज’ या नावाने अठ्ठावीस वर्षे ॲरिझोनाच्या वाळवंटात राहिला. २००९ मध्ये मालकाने त्याला दिवाळखोरीत काढले आणि पुढची चार वर्षे तो नॅशनल हॉकी लीगनेच चालवला; त्याच काळात, २०१२ मध्ये, तो पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, हे विसरता येणार नाही. फिनिक्सजवळच्या ग्लेंडेल नगराने २०२२ मध्ये स्टेडियमचा करार पुढे चालू ठेवला नाही, तेव्हा जगातल्या सर्वोच्च लीगमधला हा संघ ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मलेट अरीनात, पाच हजारांहून कमी प्रेक्षकांसमोर दोन हंगाम खेळला. शेजारच्याच टेंपी शहराच्या मतदारांनी मे २०२३ मध्ये नव्या स्टेडियमचा प्रस्ताव फेटाळला आणि मग काळ फार उरला नाही. १७ एप्रिल २०२४ रोजी एडमंटनला ५-२ असे हरवून संघाने तिथल्या प्रेक्षकांचा निरोप घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी लीगने स्थलांतराला मंजुरी दिली. ‘यूटा जॅझ’ या बास्केटबॉल संघाचे मालक रायन स्मिथ यांनी १२० कोटी डॉलर मोजले होते.

सॉल्ट लेकने या संघाचे जे स्वागत केले त्याबद्दल मी हातचे राखून काही लिहिणार नाही. खेळाडू उतरले तेव्हा विमानतळावर हॉकीच्या काठ्या घेतलेली मुले उभी होती आणि डेल्टा सेंटरमध्ये हजारोंची गर्दी होती. वर्षभर संघाला टोपणनावसुद्धा नव्हते; अंगावरच्या जर्सीवर तिरक्या अक्षरांत फक्त ‘यूटा’ लिहिलेले असे. ‘मॅमथ’ हे नाव ठरले ते मे २०२५ मध्ये, हंगाम संपल्यावर. सराव व्हायचा तो कर्न्समध्ये, २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्केटिंगच्या ओव्हलमध्ये. आणि सामने होत ते याच डेल्टा सेंटरमध्ये, म्हणजे बास्केटबॉलसाठी १९९१ मध्ये उभारलेल्या इमारतीत. बास्केटबॉलचे कोर्ट ९४ फूट लांब असते आणि हॉकीची रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, २०० फूट, त्यामुळे दोन्ही टोकांची खालची आसने काढावी लागली आणि त्या हंगामात वरच्या काही हजार आसनांवरून जवळची गोलची जाळी दिसतच नसे. अशा आसनावर बसून मी सामना पाहिला आहे. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आपल्या बाजूला आली की सगळ्या रांगेच्या माना छताला टांगलेल्या पडद्याकडे वळत आणि गोल झाला की नाही हे आधी समोरच्या बाजूच्या आरोळीवरून कळे. पूर्ण रिंक दिसणारी आसने जेमतेम अकरा हजार होती, तरीही अर्धी रिंक पाहण्यासाठी लोक तिकिटे काढून येत होते, यातच या शहराची ओढ दिसते.

पण रिंकवर उतरत होते ते कोण, याकडे आता पाहू. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोविरुद्ध पहिला सामना ५-२ असा जिंकला, त्यातला पहिला गोल डिलन गुंथरचा. त्याला ॲरिझोनाने २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडले होते. हंगामात संघातर्फे सर्वाधिक ९० वैयक्तिक गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवणारा कर्णधार क्लेटन केलर २०१६ पासूनचा ॲरिझोनाचा. लोगन कूली २०२२ च्या ड्राफ्टमधला, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला. गोलरक्षक कारेल व्हेमेल्का तिकडचा आणि प्रशिक्षक आंद्रे तुरिन्यीही तिकडचेच. या लीगमध्ये तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळतात. म्हणजे चांगले तरुण खेळाडू हवे असतील तर आधी हरावे लागते. ॲरिझोनाने वर्षानुवर्षे हेच केले. वेतनखर्चाची किमान मर्यादा गाठण्यासाठी, दुखापतीमुळे पुन्हा कधीच रिंकवर न उतरणाऱ्या खेळाडूंचे करार दुसऱ्या संघांकडून घेतले गेले आणि त्या मोबदल्यात पुढच्या निवडीचे हक्क मिळवले गेले. या धोरणात पराभव पाहण्याचे काम प्रेक्षकांच्या वाट्याला येते, आणि पीक येण्याच्या सुमारास शेत दुसऱ्याच्या नावावर झाले, असे फिनिक्सकरांना वाटले तर त्यात गैर काय?

नव्या मालकाचे श्रेय मी नाकारत नाही. त्यांच्याकडे खर्च करण्याची तयारी होती, म्हणूनच पहिल्याच उन्हाळ्यात टँपाहून मिखाइल सेर्गाचेव्ह आणि न्यू जर्सीहून जॉन मरिनो हे बचावपटू आणता आले. ॲरिझोनात ही चैन शक्य नव्हती. पुढे मरिनो आणि शॉन डुर्झी हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाले आणि बचावाचा भार बराचसा एकट्या सेर्गाचेव्हवर पडला, तरी संघ कोलमडला नाही. ८२ सामन्यांत ३८ विजय, ३१ पराभव आणि जादा वेळेतले १३ पराभव असा शेवट झाला (विजयाचे दोन गुण, जादा वेळेतल्या पराभवाचा एक). बाद फेरी हुकली. आदल्या वर्षी ॲरिझोनात याच संघाचे ७७ गुण होते. म्हणजे नव्या शहरात भर पडली ती बारा गुणांची, ८९ ची नव्हे. मोजायचेच असेल तर हा फरक मोजावा.

लीगने मात्र कागदोपत्री यूटाला नवा संघ ठरवले. कायोटीजचे नाव, बोधचिन्ह आणि विक्रम जुन्या मालकाकडे राहिले. पाच वर्षांत नवे स्टेडियम बांधल्यास त्यांना संघ पुन्हा सुरू करता येणार होता. ज्या सरकारी जमिनीवर त्यांची भिस्त होती तिचा लिलाव जून २०२४ मध्ये रद्द झाला आणि त्यांनी तो हक्कही सोडला. ॲरिझोनाच्या आठवणी ॲरिझोनातच राहाव्यात, कायोटीजचा दीर्घकाळचा कर्णधार शेन डोन याच्या नावाचा झेंडा सॉल्ट लेकच्या छताला टांगला जाऊ नये, हे मलाही पटते. तो मान त्या लोकांचा आहे. परंतु विक्रम तिकडे ठेवले म्हणून मेहनतही तिकडेच राहिली असे होत नाही. ती खेळाडूंबरोबर विमानात बसून इकडे आली. गुंथरचा तो गोल ‘संघाच्या इतिहासातला पहिला’ म्हणून नोंदवला गेला, तेव्हा तो करणाऱ्या मुलाला वाढवणारे प्रेक्षक हजार किलोमीटर दक्षिणेला घरी बसले होते.

माझ्या मामेभावाचे कुटुंब फिनिक्सजवळ चँडलरला राहते. त्याची मुलगी तिथे स्केटिंग शिकली ती कायोटीजमुळेच. वाळवंटात बर्फाची रिंक असावी असे एरवी कोणाच्या मनात आले असते? टोरंटोच्या संघातून नावारूपाला आलेला ऑस्टन मॅथ्यूज फिनिक्सजवळच्या स्कॉट्सडेलमध्ये वाढला आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेला. शेन डोनचा मुलगा जॉश ॲरिझोनातच जन्मला, वडिलांच्याच संघात आला आणि पहिल्याच वर्षी त्या संघाबरोबर यूटात खेळला. संघ हलला की अशा मुलांची खेळाची ओढ एका दिवसात आटत नाही, पण पुढच्या पिढीला ती लागणार कशी, हा प्रश्न माझ्या भावाच्या घरात अजून आहे.

सॉल्ट लेकच्या माझ्या शेजाऱ्यांनाही मी हेच सांगत असतो. पहिला हंगाम सुरू होत असतानाच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या शहर परिषदेने डेल्टा सेंटर आणि त्याच्या परिसराच्या नूतनीकरणासाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मंजूर केली. टेंपीत लोकांना मत विचारले गेले, इथे विचारले गेले नाही. ग्लेंडेलनेही स्टेडियमसाठी सार्वजनिक पैसा ओतला होता, तरी संघ गेला. प्रेक्षकांच्या प्रेमावर संघ टिकत नाही, तो इमारतीवर आणि करारावर टिकतो. त्यामुळे करारात काय लिहिले आहे ते प्रेम करणाऱ्यांनीच आधी वाचायला हवे.

आपल्याला माझी विनंती एवढीच की यापुढे यूटा मॅमथविषयी लिहिताना, निदान केलर, कूली, गुंथर ही मंडळी खेळत आहेत तोवर, हा संघ ॲरिझोनात घडला हे एका वाक्यात का होईना नमूद करावे. यूटाचे राखीव खेळाडू पहिल्या हंगामातही ॲरिझोनातल्या टूसॉनमध्येच, ‘रोडरनर्स’ या दुय्यम संघातून तयार होत होते आणि त्यांच्या सामन्यांची तिकिटे ॲरिझोनाचेच लोक काढत होते.

आपला,
एक वाचक
सँडी, यूटा