लेखात बैल राहून गेला

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चित्रकार तैयब मेहता यांच्यावरील लेखात त्यांच्या महिषासुर-चित्रांचा अर्थ 'सत्प्रवृत्तीचा विजय' असा लावला आहे. तो पटत नाही. आपल्या वणीच्या गडावर पायऱ्यांच्या सुरुवातीला महिषासुराचे शिर, वर देवी. तिथे वर कोण नि खाली कोण हे पक्के ठरलेले. मेहतांच्या कॅनव्हासवर ते ठरत नाही. सपाट, एकसंध रंगपटलांवर देवीचे आणि रेड्याचे अवयव असे गुंततात की झुंज की आलिंगन, हे सांगता येऊ नये. छायाप्रकाश नाही, खोली नाही, त्यामुळे पुढे-मागेही कुणी उरत नाही.

शिवाय पुराणकथा त्यांच्याकडे उशिरा, १९८०च्या दशकाच्या अखेरीस आली. जनावर त्याआधीचे: १९५०च्या दशकातल्या चित्रांतला जखडलेला बैल, मग त्यांच्याच १९७०च्या 'कूडल' या लघुपटातला वांद्र्याचा कत्तलखाना. हा बैल वगळून नुसते देवीमाहात्म्य हाताशी धरले की चित्र कॅलेंडरसारखे वाचले जाते. २००५च्या लिलावात त्यांच्या चित्राला मिळालेल्या विक्रमी किमतीला लेखात अख्खा परिच्छेद आहे (तो विक्रम केव्हाच मोडला). बैलाला मात्र एक ओळही नाही.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक