माणसाळू न दिल्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत आईविना भटकणारे मॅनाटीचे, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्याचे, पिलू आमच्या धक्क्यापाशी आले, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला. बचाव पथकाला कळवण्यापासून पिलू पुन्हा नदीत जाईपर्यंत तुम्ही स्वयंसेवक म्हणून जे केलेत, त्याबद्दल आम्हा शेजाऱ्यांच्या वतीने हे जाहीर आभारपत्र.

मुले नळीने पाणी पाजायला आणि कोबीची पाने टाकायला निघाली होती. फ्लोरिडात याला कायद्याने बंदी आहे एवढे सांगून तुम्ही थांबला नाहीत. धक्क्यावर पाणी मिळते हे एकदा कळले की मॅनाटी तेथेच रेंगाळतात आणि बोटींच्या पंख्यांखाली सापडतात, हेही समजावलेत. मग पथक येईपर्यंत आम्ही केवळ पाहत राहिलो. राठ मिशांचे ते तोंड वर येई, नाकपुड्यांची झापडे उघडत, आणि एका श्वासानंतर ते पुन्हा गढूळ पाण्यात दिसेनासे होई.

उपचार केंद्रात त्याला बाटलीने दूध पाजावे लागले, तरी माणसांचा सहवास जाणीवपूर्वक कमीत कमी ठेवला गेला. इतक्या गोड जिवाला कुरवाळण्याचा मोह आवरणे, ही मला सर्वांत मोठी सेवा वाटते. २०२१ साली फ्लोरिडात १,१०० हून अधिक मॅनाटी दगावले. तिथल्या इंडियन रिव्हर लगून या किनारी सरोवरातले समुद्री गवत प्रदूषणाने नष्ट झाल्यामुळे त्यांतले कित्येक उपासमारीने गेले. अशा काळात वाचलेले पिलू पुन्हा रानटी होऊनच परतले पाहिजे, हा तुमचा आग्रह आता पुरता पटतो.

वजन साधारण २७० किलो झाल्यावरही थंडीची वाट का पाहायची, असे मी अधीरपणे विचारले होते. पाणी २० अंशांखाली गेले की मॅनाटी आजारी पडतात आणि ऊबदार झऱ्यांची वाट पिलांना आईच दाखवते; म्हणून पोरक्या पिलाला हिवाळ्यात, ब्लू स्प्रिंग या झऱ्याच्या २२-२३ अंशांच्या पाण्यात जमलेल्या कळपातच सोडायचे, हे तुमचे उत्तर मुलांनी शाळेतही सांगितले. माग काढणाऱ्या ट्रान्समीटरसाठी शेपटीच्या मुळाशी बांधलेल्या पट्ट्याची दोरी कुठे अडकलीच तर आपोआप तुटते, हे ऐकून त्यांच्या आजीचाही जीव भांड्यात पडला.

त्याच्या ट्रान्समीटरची खबर आली की अवश्य कळवावे. धक्क्यावरची गळकी तोटी आम्ही बदलून घेतली आहे.

आपली कृतज्ञ,
नदीकाठची एक शेजारीण