मावशी, तुमच्या त्या दोराबद्दल

मावशी, तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. माझा प्रोजेक्ट झाला एकदाचा. टीवायचं डेझर्टेशन, भूगोलाचं, सिन्नरच्या पूर्व भागातली शेततळी आणि शाश्वत विकास. परवा व्हायवा झाली, घरी येऊन बसले आणि तुमची आठवण येऊन रडायलाच लागले.

विषय घेतला तेव्हा कोणालाच त्याचं काही नव्हतं हो. कॉलेजात ऐकायला मिळालं, मागच्या वर्षीची फाईल घे, गावाचं नाव बदल, ब्रुंटलंड आयोगाची 1987 ची शाश्वत विकासाची व्याख्या टाक, संयुक्त राष्ट्रांच्या 17 उद्दिष्टांचा तक्ता चिकटव, झालं. एका ऑफिसात विहिरींची माहिती मागायला 4 वेळा गेले, चारही वेळा साहेब नाहीत. तिथल्या एकाने तोंडावर विचारलं, पोरीच्या जातीला विहिरी मोजून काय करायचंय? ते अजून मनातून जात नाही.

आणि तुम्ही दसऱ्याला मी विहिरीत टेप सोडत होते तर जवळ येऊन विचारलंत, "कशापायी मोजती गं?" मी सांगितलं की सरकारी भूजल खात्यातले लोक ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं वर्षातून 4 वेळा मोजतात, मलापण तसंच मोजायचंय, म्हणजे पाणी कधी किती उतरलं ते कळेल. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि चहा टाकायला गेलात.

जानेवारीत बाबांचं ऑपरेशन निघालं, मला येताच आलं नाही. मार्चमध्ये आले ती रडकुंडीला येऊनच, एक अख्खं रीडिंग हातचं गेलेलं. तुम्ही काही न बोलता आतून पोहऱ्याचा दोर आणलात, त्याला हिरव्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. "ही दसऱ्याची, तू व्हती तवाची. ही संक्रांतीची. पाण्याला पोहरा टेकला का काठापाशी गाठ मारली." मी टेप लावला मावशी, दसऱ्याची गाठ माझ्या वहीतल्या आकड्याला दोन बोटंसुद्धा चुकली नव्हती. दोन चिंध्यांमध्ये 19 फूट! तुमची विहीर 45 फुटांची, आणि त्याच दिवसांत वरच्या अंगाला दोन मोठी शेततळी भरत होती.

एका विहिरीवरून सगळं सिद्ध होत नाही, मी तसं लिहिलंही नाही, बाकीच्या विहिरीपण मोजल्यात. पण मागेल त्याला शेततळे ही योजना 2016 ला आली ती पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला, आणि इथे प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात विहिरीचं, बोअरचं पाणी भरतात. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात वीसेक लाख लिटर मावतं, कागदामुळे ते खाली मुरत नाही, वरून मात्र ऊन ओढून घेतं. आपल्या काळ्या खडकात पाणी धरायला जागाच थोडी, मुरुमात आणि भेगांमध्ये असतं तेवढंच, त्यामुळे एकाने उपसलं की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. त्या शेतकऱ्यांना मी दोष देत नाही, डोळ्यांदेखत डाळिंब वाळताना कोण गप्प बसेल. पण नियम सगळ्यांनी मिळून करायला पाहिजेत, हेच मी शेवटच्या प्रकरणात लिहिलंय.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, जानेवारीत तू नव्हतीस ना, मग रीडिंग कोणाचं? मी पिशवीतून दोर काढून टेबलावर ठेवला. त्यांनी गाठी हाताने चाचपून बघितल्या आणि म्हणाले, या बाईंचं नाव आभारात घातलंयस ना? घातलंय मावशी, सगळ्यात वर, आईबाबांच्याही आधी. आई म्हणाली बरोबर केलंस.

ज्यांना पगार आहे त्यांनी दार लावून घेतलं आणि तुम्ही थंडीत विहिरीवर जाऊन एका अनोळखी पोरीसाठी गाठ मारलीत. शेवटची एसटी माझ्यासाठी दोन मिनिटं थांबवणारे ते कंडक्टर काकापण तसलेच. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या पोरी गावोगाव फिरू शकतात.

मे मध्ये येतेय, चौथं रीडिंग राहिलंय, मार्कांसाठी नाही, मलाच बघायचंय. तुमच्यासाठी नवा दोर आणते. जुना तेवढा माझ्याकडे राहू द्या.